किशोरीचे बारा पॉइंट दोन सेकंद

मालवणजवळच्या वायरी गावात शिरताना डाव्या हाताला, एस.टी.च्या थांब्याला टेकून एक निळा बोर्ड उभा आहे. 'राज्य विक्रमवीर, कर्णबधिर गट, कु. किशोरी शंकर केळुसकर, १०० मीटर, १२.२ सेकंद. समस्त ग्रामस्थांतर्फे हार्दिक अभिनंदन.' इथलं खारं वारं कुणाच्याच अक्षरांची गय करत नाही, पण या बोर्डावरची अक्षरं सोळा वर्षांत एकदाही पुसट झालेली नाहीत. किशोरीचा मोठा भाऊ सुशांत दर गणपतीच्या आधी रंगाचा डबा घेऊन जातो आणि ती परत गिरवतो. १२.२ एवढं तो तांबड्या रंगात काढतो.

जिचा हा बोर्ड, ती मात्र रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून एस.टी.ची वाट बघत उभी असते. किशोरी चौतिशीची, काटक, उंच. दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. कट्टा गावच्या काजू फॅक्टरीत ती प्रतवारीच्या टेबलावर बसते. समोर ओतलेल्या ढिगातून अख्खे गर एकीकडे, पाकळ्या दुसरीकडे, तुकडे तिसरीकडे. बाकीच्या बाया गप्पा मारता मारता हात चालवतात, किशोरी नुसती बघते, आणि म्हणूनच तिच्या टेबलावरचा डबा मुकादम परत तपासत नाही. एखादा केसाएवढी चीर गेलेला गर अख्ख्यांत सापडला तर तिचा सगळा दिवस नासतो. असा तिचा स्वभाव. अशा बाईच्या नावावर सोळा वर्षं एक चिरलेला आकडा मिरवत होता, याला काय म्हणावं!

ती कर्णबधिरांच्या निवासी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. खेळाचे शिक्षक होते गुरुदास सर, मसुऱ्याचे. त्यांनी या मुलीला मैदानाच्या कडेने पाण्याची कळशी घेऊन पळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून कळशी काढून घेऊन नुसतं पळायला लावलं. अठराव्या वर्षी तिला राज्याच्या स्पर्धेत शंभर मीटरच्या फायनलला उभी केली. कर्णबधिरांच्या शर्यतीत बंदुकीचा बार नसतो. सुरुवात करून देणारा हातातलं निशाण खाली आणतो, ते बघून पळायचं. निशाण पडलं, किशोरी पळाली, पहिली आली. पाठीवर थापा पडल्या, कुणीतरी तिच्यासमोर कागद नाचवला. कागदावर होतं, १२.२. कर्णबधिर मुलींत राज्यात इतकं कुणीच कधी पळालं नव्हतं.

आणि गंमत अशी, की त्यानंतर ती स्वतःही तितकं कधी पळाली नाही.

पुढच्या वर्षी तिला १३.५ लागले. त्याच्या पुढच्या वर्षी १३.४. त्यानंतर १३.२. पहिली ती तिन्ही वेळा आली, पण हार घालायला कुणी पुढे झालं नाही. हिच्या डोक्यात हवा गेली, असं शाळेत बोललं गेलं. अंगाला सुख लागलं, असं गावात. किशोरीला ओठ वाचता येतात, त्यामुळे लोक पाठीमागे बोलतात ते ऐकू येत नसलं, तरी समोरून कुजबुजतात ते सगळं कळतं. तिने भात सोडून बघितला, पहाटे उठून वाळूत पळून बघितलं, देवीला नारळ बोलून बघितला. बारा पॉइंट दोन काही परत आले नाहीत. आपलं कुठे बिनसलं, तेच तिला कळेना. शेवटी बाविसाव्या वर्षी तिने बूट पेटीत घातले आणि फॅक्टरीत नाव लावलं. आपण एकदाच चांगलं पळालो आणि मग स्वतःच्याच हाताने सगळं घालवलं, हे तिने मनाशी कबूल करून टाकलं. बोर्डाकडे पाठ असायची ती यामुळे.

गेल्या दोन वर्षांत ती पुन्हा किनाऱ्यावर दिसू लागली ती अपेक्षामुळे. अपेक्षा आरोंद्याची, सतरा वर्षांची, किशोरीच्याच शाळेतली. शाळेत आता खेळाला शिक्षक नाही, म्हणून दर शनिवारी ही पोर एस.टी. बदलत बदलत वायरीला येते, रविवारी ओहोटीला घट्ट झालेल्या वाळूवर पळते आणि संध्याकाळी परत जाते. किशोरी तिला शिकवते ते हातांनी, आणि हात कमी पडले तर कोपरांनी ढोसून. पोरगी गुणी आहे. खाते मात्र दोन माणसांचं. किशोरीची आई यशोदाबाई तिला वाढताना नुसती बघत राहते.

मागच्या पावसाळ्यानंतर अपेक्षाने १३.४ काढले. राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याचा संघ निवडायचा होता. कर्णबधिर खेळाडूंच्या राज्य संघटनेची नोटीस फोनवर आली, ती दोघींनी माडाखाली बसून वाचली. 'राज्य विक्रमापासून एका सेकंदाच्या आत वेळ नोंदवणारा खेळाडूच पात्र.' म्हणजे तेरा पॉइंट दोन. खाली गेल्या चार वर्षांची यादी होती. मुली, शंभर मीटर : पात्र खेळाडू नाही. पात्र खेळाडू नाही. पात्र खेळाडू नाही. पात्र खेळाडू नाही.

अपेक्षाच्या बापाने तिला सांगून ठेवलं होतं, यंदा निवड झाली तर पुढे पळ, नाहीतर बस झालं, मार्चनंतर घरी ये. पोरीने यादी दोनदा वाचली. मग किशोरीच्या गुडघ्यावर टिचकी मारून हातांनी विचारलं, "ताई, तू एवढी कशी पळालीस? मला दाखव ना."

ते किशोरीलाच माहीत नव्हतं.

नेमकं त्याच आठवड्यात सुशांतला उत्साह आला. शाळेच्या गॅदरिंगला बहिणीची शर्यत पडद्यावर दाखवायची, असं त्याच्या डोक्यात होतं. त्या काळी स्पर्धेचं शूटिंग करायला लग्नाचे व्हिडिओ काढणारा एकजण बोलावला होता. त्याची जुनी सीडी मिळवून सुशांतने ती फोनवर उतरवून घेतली आणि बहिणीला पाठवली. किशोरीने स्वतःला पळताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. कॅमेरा शेवटच्या रेषेजवळ होता, मुली समोरून येत होत्या. लांब टोकाला निशाणाचा पांढरा ठिपका वर होता, तो पडला, आणि मधल्या लेनमधली ती काटकुळी मुलगी उसळून बाहेर आली. किशोरीला भरून आलं. इतकी वर्षं आपण या मुलीवर रागावलो होतो, असं तिला वाटलं.

अपेक्षाला भरून वगैरे काही आलं नाही. तिने गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं. निशाण पडताना दाबलं, किशोरीची छाती रेषेला लागताना परत दाबलं. १३.६.

चुकलं असेल. पुन्हा. १३.६. किशोरीने घड्याळ स्वतःकडे घेतलं. १३.५. पुन्हा १३.६.

तेवढ्यात सुशांत जेवायला आला. किशोरीने त्याला हाताला धरून बसवलं, फोन समोर ठेवला, घड्याळ हातात दिलं. त्याने एका हाताने माशाचं कालवण सारखं करत दुसऱ्या हाताने दाबलं आणि घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं. १२.३.

"बघ! पॉइंट एक हयसर-थंय होताच," तो म्हणाला. "कित्या उगाच डोक्याक ताप?"

किशोरीने त्याच्या फोनवर बघितलं, १३.६. त्याने तिच्या फोनवर बघितलं, १२.३. अपेक्षाने दोन्ही फोनांवर बघितलं, १३.६. म्हणजे फोन बरोबर होते. घड्याळ तर एकच होतं. चूक असेल तर ती अंगठ्यात होती, आणि अंगठा काही खोटं बोलणारा अवयव नव्हे. यशोदाबाईंनी मधेच, "अगो, जेवान थंड होता मां!" म्हणून तिघांनाही झापलं, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. दोघींना ऐकू येत नव्हतं आणि तिसऱ्याला तेव्हा येत नव्हतं.

दोन दिवस किशोरीने टेबलावर काजू निवडले खरे, पण हात आपला चालत होता आणि डोकं तिसरीकडेच. तिने फॅक्टरीतल्या एका बाईला व्हिडिओ दाखवून घड्याळ दाबायला लावलं. १२.४. मुकादमाला लावलं. १२.२. शाळेतल्या एका जुन्या कर्णबधिर मैत्रिणीला पाठवला, तिचं उत्तर आलं, १३.६. ज्यांना ऐकू येतं त्यांचे बारा आणि ज्यांना येत नाही त्यांचे साडेतेरा! बहिऱ्या माणसांचे हातही सावकाश चालतात की काय, अशी शंका किशोरीला आली, आणि ही शंका आल्याचा तिला इतका राग आला, की दुपारच्या सुट्टीत तिने डबाच उघडला नाही.

शनिवारी अर्धी रजा टाकून ती संघटनेच्या कार्यालयात गेली. एस.टी.त तिने व्हिडिओ पुन्हा लावला तर पुढच्या बाकड्यावरचा म्हातारा वळून कानांवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. तिच्या फोनचा आवाज नेहमी पूर्णच असतो. तो कमी करायचं तिला कधी कारणच पडलं नव्हतं. तिने ओशाळून फोन पर्समध्ये टाकला.

कार्यालयात जितेंद्र साहेब होते. माणूस वाईट नव्हता, पण एकटाच होता आणि तीन खुर्च्यांचं काम करत होता. किशोरीने घरून लिहून आणलेला अर्ज पुढे केला : माझ्या नावावरचा विक्रम चुकीचा वाटतो, तो तपासावा आणि काढावा.

साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढून परत वाचला. मग कोऱ्या कागदावर लिहिलं, 'तक्रार कोणाविरुद्ध?'

तिने खाली लिहिलं, 'माझ्याविरुद्ध.'

'तक्रारदार कोण?'

'मीच.'

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. आजवर त्यांच्याकडे नाव घाला म्हणून माणसं आली होती, नाव काढा म्हणून कुणी आलं नव्हतं. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत थांबले, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी लिहिलं, 'ही किशोरी केळुसकर वैभववाडीची आहे. तुम्ही मालवणच्या. म्हणजे विक्रम तुमचा नाहीच. प्रश्न मिटला.'

क्षणभर किशोरीला खरंच वाटलं, की वैभववाडीला दुसरी कुणी किशोरी असेल, तीच बारा पॉइंट दोनमध्ये पळाली असेल, आणि आपण सोळा वर्षं भलत्याच मुलीचा बोर्ड दारात लावून बसलो. मग तिचं लक्ष रजिस्टरच्या खालच्या ओळीकडे गेलं. दुसरी आलेली मुलगी वैभववाडीची होती, तिच्या नावासमोर मालवण होतं. लिहिणाऱ्याने गावांच्या रकान्यात दोन ओळींची अदलाबदल केली होती आणि सोळा वर्षांत कुणी पान उलटून बघितलं नव्हतं. किशोरीने बोट ठेवून दाखवलं. साहेब म्हणाले, "अरेच्चा." मग त्यांनी लिहिलं, 'आधी गाव दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल. गाव दुरुस्त झालं की विक्रम तुमचा ठरेल. तुमचा ठरला की मग तुम्हाला तो काढता येईल.'

तिने फोन काढून व्हिडिओ लावला, घड्याळ त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी मनापासून दाबलं. १२.३. त्यांनी घड्याळ तिच्याकडे वळवलं आणि लहान मुलाला समजवावं तसे हसले. 'विक्रम बरोबर आहे. अभिमान बाळगा.'

बाहेर पायरीवर बसून किशोरी रडली. आपल्याला वेड लागलंय, असं तिला वाटलं. घरी गेल्यावर सुशांतशी वाजलं ते वेगळंच. त्याला अर्जाचं कळलं होतं. तो ओठ मोठे मोठे हलवत, हातवारे करत तिच्यापुढे उभा राहिला.

"खुळी झालंस काय गो? आपलो विक्रम आपणच मोडूक कोण जाता? गावात माका तोंड दाखवूक जागा ठेवतलंस की नाय?"

त्याचं चुकत होतं असंही नाही. बहिणीचं लग्न जमलं नाही, शिक्षण पुढे झालं नाही, पण तिच्या नावाचा बोर्ड होता, आणि तो सोळा वर्षं त्याने सांभाळला होता. किशोरीने अपेक्षाकडे बोट दाखवलं. पोरगी पडवीत बसून बुटाच्या नाड्या ओवत होती. सुशांत काही बोलायला गेला, आणि मग पाट ओढून जेवायला बसला.

आता एकच माणूस उरला होता. रविवारी दोघी मसुऱ्याला गुरुदास सरांकडे गेल्या.

सर आता पंचाहत्तरीचे. अंगणात सुपारी वाळत घातली होती, तिथे खुर्ची टाकून बसले होते. किशोरीला बघून त्यांचे हात आधी उठले, तोंड मागून. खुणा विसरत चालले होते, पण तिचं खुणेतलं नाव, दोन बोटं उडवून पळण्याची खूण, ती नाही विसरले. कानात छोटं यंत्र आलं होतं. त्याच्याकडे बोट दाखवून ते हसले : आता मीपण तुमच्यातलाच.

किशोरीने फोन त्यांच्या मांडीवर ठेवला, घड्याळ हातात दिलं. जुन्या खेळशिक्षकाचा अंगठा, सराईत. शर्यत सुरू झाली, संपली. १२.३.

किशोरीने डोळे मिटून घेतले. म्हणजे सरसुद्धा. मग चुकतं ते आपलंच, आणि हा विषय इथेच संपवावा. ती घड्याळ घ्यायला वाकली, तर सर तोंड वाकडं करून कानातलं यंत्र उपसत होते. फोनमधला आवाज त्या यंत्रात जाऊन टोचला होता. त्यांनी ते सुपाऱ्यांवर ठेवलं, कान चोळला, आणि खूण केली, परत लाव, पोरी, बरं वाटलं तुला पळताना बघून. घड्याळ हातातच होतं. सवयीने अंगठा चालला.

१३.६.

सरांनी घड्याळ लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. अपेक्षा खुर्चीच्या मागे उभी होती, ती पुढे आली. सरांनी यंत्र कानात घातलं. १२.३. काढलं. १३.५. घातलं. १२.२. काढलं. मग ते पुढे लावेनात.

"शिटी," ते म्हणाले. किशोरीने ओठ वाचले. त्यांनी दोन बोटं तोंडाशी नेऊन गाल फुगवले, म्हणजे अपेक्षालाही कळावं. "व्हिडिओत शिटी वाजता. निशाण पडल्यावर. मागसून."

मग त्यांनी सांगितलं ते थोडं हातांनी, थोडं ओठांनी, आणि जिथे दोन्ही जमेना तिथे मातीत काडीने. त्या दिवशी पाहुणे तीन तास उशिरा आले. शर्यत सुरू करून देणारा माणूस जेवायला गेला होता. पाहुण्यांना फायनल दाखवायची घाई, म्हणून कुणीतरी निशाण गुरुदास सरांच्याच हातात दिलं. ज्याची मुलगी पळतेय त्यानेच शर्यत सुरू करून द्यायची, हे चालतं का, असं कुणाच्या मनातही आलं नाही. घड्याळवाले पलीकडच्या टोकाला. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. त्यांनी ओरडून सांगितलं, निशाण दिसत नाही, शिटी पण मारा, म्हणजे आम्ही दाबू.

"मिया निशाण खाली हाडलंय," सर म्हणाले. "पण शिटी लगेच नाय मारलंय. माका वाटला, एखाद्या चेडवाक निशाण दिसला नसला तर? परत बोलवूक तुमका शिटी ऐकूक येयत नाय. म्हणान आधी बघितलंय, सगळी सुटली की नाय. सुटली. मगे मारलंय."

एका मुलीवर अन्याय होऊ नये म्हणून एक भला माणूस एक क्षण थांबला. शिटीला मैदान ओलांडायला आणखी थोडा वेळ लागला. घड्याळवाल्यांनी शिटीवर घड्याळं दाबली. ऐकू येणारं माणूस शर्यत कानाने सुरू करतं, इतकंच होतं ते. सुशांत, मुकादम, जितेंद्र साहेब, सगळ्यांनी व्हिडिओतली तीच शिटी ऐकून अंगठा दाबला होता, आणि त्यांतल्या एकालाही वाटलं नाही, की मुली तोवर चार-पाच पावलं पळालेल्या आहेत. आणि किशोरीला, अपेक्षाला कुणी सांगितलंच नव्हतं, की त्या व्हिडिओत शिटी आहे.

सर उठले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. किशोरीने ते धरून खाली आणले. तिला त्यांचा राग आला होता का? आला होता, नक्की आला होता. पण हात धरल्यावर तो कुठे ठेवायचा तेच तिला समजेना. सरांनी आत जाऊन कागद आणला आणि सगळं लिहून खाली सही केली. निवृत्त शिक्षक, असं लिहून त्यांनी पुढे कंसात लिहिलं, निशाण माझ्या हातात होते.

सोमवारी जितेंद्र साहेबांनी ते पत्र वाचलं. किशोरीने त्यांच्यासमोर फोनचा आवाज पूर्ण बंद केला. कसा करायचा ते ती आदल्या दिवशी अपेक्षाकडून शिकली होती. साहेबांनी दाबलं. १३.५. या वेळी ते हसले नाहीत. रजिस्टर उघडून, पेन घेऊन रकाने शोधू लागले. नवा विक्रम कुठे लिहायचा त्याला रकाना होता, विक्रम मोडला कुणी त्यालाही रकाना होता, पण विक्रम कधी झालाच नव्हता हे लिहायला जागाच नव्हती. किशोरीच्या पुढच्या तीन वर्षांच्या शर्यतींचे कागद त्यांनी मागवले, तर त्या गठ्ठ्याला वाळवी लागलेली. शेवटी त्यांनी १२.२ वर तांबडी रेघ मारली, शेजारी 'पुनर्तपासणीखाली' असं लिहिलं, आणि समितीला फोन लावला. आठ दिवसांनी नोटीस आली : मुलींच्या शंभर मीटरला यंदा पात्रतेची अट नाही, निवड चाचणीत जी पहिली येईल ती जाईल, आणि तिची वेळ विक्रम म्हणून धरली जाईल.

चाचणीच्या सकाळी गुरुदास सर जावयाच्या गाडीतून मैदानावर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण काही माणसांना बोलवावं लागत नाही. त्यांनी औषधपेटीतला कापूस मागून घेतला, तिन्ही घड्याळवाल्यांच्या कानांत स्वतःच्या हाताने भरला, आणि वर दम दिला, "आता डोळ्यांनी काम करा रे. जरा कळांदेत." ते तिघे एकमेकांशी ओरडून बोलू लागले, आणि कुणालाच काही कळेना. अपेक्षाला हसू आवरेना. किशोरी त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि निशाणाकडे नाही, त्यांच्या अंगठ्यांकडे बघत राहिली. काजूच्या टेबलावर बघते तशीच.

तिघांचे अंगठे एकदमच खाली गेले.

१३.३. १३.३. १३.४. अपेक्षा पहिली. साहेबांनी रजिस्टरमध्ये तेरा पॉइंट तीन लिहिलं आणि गाव आरोंदा लिहिताना बोट धरून ओळ नीट बघून घेतली. अपेक्षा वाळूत लोळण घ्यावी तशी मैदानात लोळली. सुशांत आला होता. त्याने बहिणीकडे न बघताच पोरीच्या गळ्यात हार घातला.

घरी आल्यावर किशोरीने पेटीतून जुनी वही काढली. अपेक्षाची वेळ तिला तिच्यात लिहायची होती. वहीत तिच्या स्वतःच्या वेळा होत्या, वर्षावर्षाच्या. पहिल्या ओळीत १२.२, दोनदा गिरवलेलं. तिने पेन्सिलने त्यावर काट मारली आणि शेजारी खरी वेळ लिहिली, १३.६.

मग तिची नजर खाली गेली. १३.५. १३.४. १३.२.

ती परत वरून वाचत आली. तेरा पॉइंट सहा, पाच, चार, दोन. ती वाचत राहिली. यशोदाबाई चहा घेऊन आल्या आणि लेक रडते की हसते ते त्यांना कळेना.

"काय झाला गो?"

किशोरीने मान हलवली. आईला कसं सांगायचं? ती सुस्तावली नव्हती. डोक्यात हवा गेली नव्हती. दरवर्षी ती जास्त जोरात पळत होती, आणि ज्या शर्यतीनंतर तिने लाजेने बूट पेटीत घातले, त्या शर्यतीत ती आयुष्यात सगळ्यात जोरात पळाली होती. ते तेरा पॉइंट दोन कुठल्याही रजिस्टरात नाहीत. खोटी वेळ सोळा वर्षं छापली गेली, खरी वाळवीने खाल्ली. फक्त ही वही तेवढी आहे. बाविसाव्या वर्षीच्या त्या मुलीला जाऊन कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

अपेक्षा ताटावरून उठून आली, ओल्या हातांनी वहीवर वाकली. शेवटचा आकडा तिने वाचला, किशोरीकडे बघितलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि तीन बोटं दाखवली : माझे तेरा पॉइंट तीन. मग वहीवर बोट ठेवून दोन दाखवली. भुवया वर झाल्या. म्हणजे अजून तूच पुढे?

किशोरीने डोळे पुसले आणि मान डोलावली. मग पेटी पुन्हा उघडली, तळाशी हात घालून जुने बूट बाहेर काढले आणि त्यांतली वाळू अंगणात झटकली.

"उद्या ओहोटी सहाला," तिने हातांनी सांगितलं. "मोडून दाखव."